तळातली पिंपं

सतराव्या दिवशी दुपारी तिने दोरीवरून सासऱ्यांचा सदरा काढला आणि ती थबकली. सदरा मऊ होता.

समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा वाळला की पत्र्यासारखा कडक होतो, काठाकाठाने मिठाची रेघ उमटते. सकाळी मामंजी पंपापाशी नखशिखांत भिजले होते. जहाजाच्या तळात झिरपलेलं पाणी खलाशी उपसून फेकत, तेच अंगावर आलं होतं. म्हणजे पाणी समुद्राचं. मग मीठ कुठे गेलं?

ती पंपाकडे गेली. पन्हळीतून काळपट, घाण वासाचं पाणी वाहत होतं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. पाणी घाण होतं, पण खारट म्हणावं तसं नव्हतं. 

तिचा बाप पिंपं बांधायचा. लग्न होईपर्यंत तिनेही फळ्या तासल्या होत्या, लोखंडी कडी ठोकून बसवली होती. नवरा तीन वर्षांपूर्वी पश्चिमेला गेला, तिकडे बस्तान बसल्यावर त्याने सगळ्यांना बोलावून घेतलं. चार वर्षांची लेक आणि सासरे, एवढं बिऱ्हाड घेऊन ती निघाली होती. सासरे रोज मागे, पूर्वेकडे तोंड करूनच बसत. "म्हातारपणी मला पाण्यावर नाचवायला निघालेत," असं भेटेल त्याला सांगत.

ती थेट कप्तानापुढे जाऊन उभी राहिली.

"कप्तानसाहेब, आपलं प्यायचं पाणी आपणच उपसून समुद्रात टाकतोय."

कप्तान हसला. "बाई, पिंपं कोरी करकरीत आहेत."

"तिथेच घोडं पेंड खातंय. ओल्या लाकडाची असतील. लाकूड वाळलं की फळ्या आक्रसतात आणि फटी पडतात. एकदा ठोकून तर बघू."

त्याचं हसू मावळलं. कंदील घेऊन दोघं तळात उतरली. वरच्या ओळीतली पिंपं ठोकल्यावर भरल्या आवाजात बोलली. खालच्या ओळीतलं पहिलंच पोकळ वाजलं. दुसरंही. ती सरपटत शेवटापर्यंत गेली. एकोणीस पिंपं रिकामी होती.

"आहे ते आठ दिवस पुरेल," कप्तान खालच्या आवाजात म्हणाला. "किनारा अजून पंधरा दिवस लांब. वर एक शब्द बोलू नका."

"लपवाल किती? उद्या पाणी निम्म्यावर आणलंत की लोक विचारतीलच."

पण उद्याची वाटच पाहावी लागली नाही. शिडीच्या तोंडाशी कुणीतरी ऐकलं होतं. दोघं वर आली तेव्हा डेकवर दीडशे माणसं दाटीवाटीने उभी होती. एक धिप्पाड लोहार सुकाणूपाशी जाऊन उभा राहिला होता.

"जहाज मागे वळवा! घरी चला!" तो ओरडला. मागून "वळवा, वळवा" असा गलका झाला. "आजोबा, तुम्हीच सांगा यांना. पहिल्या दिवसापासून तुम्ही हेच म्हणताय!"

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या.  म्हाताऱ्याने नुसतं "हो" म्हटलं असतं, तरी त्या माणसांनी सुकाणू हिसकावलं असतं.

सासरे सावकाश उठले.

"घरी जायची माझ्याइतकी घाई इथे कुणाला नसेल," ते म्हणाले. "पण यायला सतरा दिवस लागले, बाबा. पाणी आठ दिवसांचं. नवव्या दिवशी काय पिशील, माझं डोकं?"

कुणीतरी फस्सकन हसलं. लोहाराचा हात सुकाणूवरून खाली आला.

"दक्षिणेला एक बेट आहे," कप्तान पुढे झाला. "तीन दिवसांची वाट. नकाशावर झरा दाखवलाय, मी पाहिलेला नाही. पण पाणी मिळालं तरी भरायचं कशात?"

"ते माझ्यावर सोडा," ती म्हणाली. "मला हातोडा द्या, जुने दोर द्या, आणि हा लोहार द्या."

जहाज दक्षिणेला वळलं आणि माणशी रोज दोन पेले पाणी ठरलं. रिकामी पिंपं वर आली. ती दोराचे धागे सोडवून फटीत ठासायची आणि लोहार कडी खाली ठोकायचा. मग लाकूड फुगावं म्हणून पिंपात समुद्राचं पाणी भरून ठेवायचं. "मारतोयस की गोंजारतोयस?" ती लोहाराला विचारायची, आणि तो मुकाट्याने आणखी जोर लावायचा.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. शिडं लोळागोळा झाली. चौथा दिवस गेला, बेट दिसेना. माणसं एकमेकांच्या पेल्यांकडे टक लावून बघू लागली. त्या संध्याकाळी सासरे उठायला गेले आणि कोसळले. त्यांचे ओठ चिरले होते. लेक मात्र टवटवीत होती.

"आजोबा मला त्यांचा पेला देतात," लेक म्हणाली. "आईला सांगू नकोस म्हणाले."

तिने आपला पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

"मामंजी, प्या. तुम्हाला इथे ठेवून मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू?"

बऱ्याच वेळाने त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

सहाव्या दिवशी सकाळी बेट दिसलं. नुसता उघडाबोडका खडक. झाडाचं नाव नाही. होडी गेली आणि खडकामागे दिसेनाशी झाली.  दोन तास झाले असतील. होडी परतताना एक खलाशी उभा राहिला, त्याने डोक्यावरची टोपी काढून उलटी केली आणि तिच्यातून पाणी सांडलं. लोहार मटकन खाली बसला आणि रडू लागला.

पिंपं धुऊन भरायला दोन दिवस लागले. भरलेलं प्रत्येक पिंप ती हाताने चाचपत होती. सहा पिंपं पाझरली. कडी पुन्हा ठोकल्यावर पाच थांबली. सहावं तिने सगळ्यांना आधी पिऊन टाकायला सांगितलं. मग कप्तानाने जहाजाचं तोंड पश्चिमेकडे वळवलं.

वाटेत दोन माणसं तापाने गेली. बाकीचे सगळे किनाऱ्याला लागले. धक्क्यावर नवरा उभा होता, लेकीने त्याला ओळखलं नाही. सासऱ्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि ते म्हणाले, "हिच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. जहाजावरचे आम्ही दीडशे जणही गेलो नाही."