साहेबांच्या डाव्या हाताला

तीन पत्तीत सगळ्यात वाईट जागा कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: पत्ते वाटणाऱ्याच्या डाव्या हाताची. पहिली चाल तिथून निघते. बाकीच्यांच्या मनात काय आहे याचा पत्ता लागायच्या आधी आपल्याला बोलावं लागतं. एरवी वाटणी फिरते, म्हणून ही जागाही फिरते आणि त्रास सगळ्यांना सारखा होतो. आमच्याकडे ती फिरत नव्हती. आमच्याकडे पत्ते साहेबच वाटायचे.

साहेब म्हणजे ज्यांच्या सहीनं आम्हा मास्तरांच्या बदल्या व्हायच्या, ते. महाराष्ट्र नवा, कचेरी नवी, आणि तिथल्या नव्या खुर्चीत हे पुण्याकडचे गृहस्थ. दर दिवाळीच्या पाडव्याला दुपारी ते शाळेत सतरंज्या अंथरून मास्तरांची तीन पत्तीची स्पर्धा भरवायचे. पैसे नाहीत, प्रत्येकाला शंभर चिंचोके. संपले की उठायचं. पहिल्याच वर्षी कोणीतरी लाळघोटेपणानं म्हणालं, "सायेब असताना पत्त्याले दुसऱ्याचा हात काऊन लागावा?" तोच रिवाज पडला. दुसरा रिवाज न बोलता पडला. साहेबांना शो मागायचा नाही, म्हणजे पत्ते उघडायला लावायचे नाहीत. शेवटी आपण आणि साहेब उरलो, की पत्ते पालथे टाकून हसायचं. तीन वर्षं साहेबच जिंकले, आणि आपण फार चांगले खेळतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली.

चौथ्या वर्षी, म्हणजे चौसष्ट साली, त्यांनी जाहीर केलं, "यंदा जो जिंकेल त्याचा कुठलाही एक अर्ज मी इथंच बसून मंजूर करणार."

टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. खरं मानलं ते मी एकट्यानं.

माझी बायको शकुंतला उंद्रीच्या शाळेत, मी तालुक्याच्या गावी. मी उंद्रीला जावं तर तिथं जागा नव्हती. माझ्या शाळेत मात्र एक जागा दोन वर्षं रिकामी होती. तिच्या बदलीचे तीन अर्ज मी स्वतः नेऊन दिले होते. आमची स्नेहलता तीन वर्षांची. शनिवारी मी पोचलो की दारातून ओरडायची, "आई, पाव्हणे आले!" शेजारच्या अंबूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचो, आणि मग अर्धी भाकरी ताटातच सोडून उठायचो. चौथा अर्ज त्या दिवशी माझ्या खिशात होता.

शेवटच्या सतरंजीवर तिघं उरलो. साहेब, त्यांच्या डाव्या हाताला मी, आणि माझ्यापलीकडे तुळशीराम गुरुजी. चहाला उठलो तेव्हा तुळशीरामनं मला खांबाआड ओढलं.

"जिंकू नको बे, मार्तंड. हारून माग. खुश झालेला सायेब कवातरी सही करीन."

"तीन वर्षं हारूनच राह्यलो ना. झाली का सही?"

"मंग चवथं वर्स हार. आपल्या बापाचं काय जाते?"

मला त्याचा राग आला. असल्या लोकांमुळेच साहेब डोक्यावर बसतात, असं मी त्याला तोंडावर म्हणालो.

पुढचा डाव वाटला गेला. मी पत्ते उचलले. इस्पिकचा एक्का, चौकटचा एक्का, किलवरची चव्वी. एक्क्यांची जोडी दिसायला राजबिंडी, पण शेवटी जोडीच. एकाच रंगाची तीन पानं, म्हणजे साधा कलरसुद्धा तिला झोपवतो. शेवटी बोलायचं असतं तर मी दोघांचे चेहरे वाचून ठरवलं असतं. पण पहिली चाल माझी. दहा चिंचोके टाकले.

तुळशीरामनं आपले पत्ते बराच वेळ पाहिले, पालथे टाकले, आणि उरलेले चिंचोके साहेबांच्या ढिगात सरकवून उठला. "सायेब, आता तुमीच."

साहेबांनी पत्त्यांना हात न लावता पाच टाकले. न पाहणाऱ्याला अर्धे लागतात, आणि तो पत्ते उचलत नाही तोवर समोरच्याला त्याच्याकडे शो मागता येत नाही. मी दहा, ते पाच. मी दहा, ते पाच. त्यांना घाई नव्हती. भोवती सगळे मास्तर जमले होते आणि मी कधी पत्ते टाकतो याची वाट पाहत होते.

मग साहेबांनी पत्ते उचलले, मिशीत हसले आणि पुढ्यातला सगळा ढीग मध्ये लोटला. "मार्तंडराव, काय करता?"

माझ्याजवळही साधारण तेवढेच होते. मी ते सगळे लोटले आणि म्हणालो, "शो."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला. मग त्यांनी एकेक पत्ता उघडला. राणी, नव्वी, तिर्री. तिघींचा एकमेकींशी संबंध नाही. चार वर्षांत त्यांना कोणी पत्ते उघडायलाच लावले नव्हते, मग चांगल्या पत्त्यांची गरज काय?

मी एक्के मांडले. साहेब मोठ्यानं हसले, माझी पाठ थोपटली, पेन काढलं आणि अर्जावर तिथंच सही केली. गर्दी पांगल्यावर मी तुळशीरामचे पालथे पत्ते उलटून पाहिले. पंजी, छक्की, सत्ती. माझ्या जोडीला सहज खाणारा सिक्वेन्स त्यानं टाकून दिला होता. त्याच्या भित्रेपणाला मी घरी जाईपर्यंत हसलो.

पंधरा दिवसांनी शकुंतलेच्या बदलीचा हुकूम आला. त्याच टपालानं माझाही आला. उंद्रीला.

मी धावत कचेरीत गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"अहो, तुमच्या बाईंमुळे उंद्रीची जागा रिकामी झाली ना! पोरांचं नुकसान कसं करायचं? तिथं हुशार माणूस हवा होता." मग हसून म्हणाले, "पाडव्याला मात्र यायचं हं. तुम्ही खेळता छान."

माझ्या शाळेच्या हेडमास्तरची जागा त्याच महिन्यात तुळशीरामला मिळाली. त्यानं अर्जही केला नव्हता.

शकुंतला ज्या एसटीनं आली तीच परत उंद्रीला जाणार होती. तिची ट्रंक टपावरून उतरली आणि माझी चढली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"सायेबाजवळ काईच नव्हतं म्हन्ता," ती म्हणाली. "मंग चार लोकांत कशाले दाखोलं?"

"माझे पत्ते चांगले होते."

"पत्ते चांगले होते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं. "आता अर्ज कोनं करायचा, तुमी का मी?"

"तूच कर," मी म्हणालो. "खाली माझं नाव नको टाकू."