जपानी चालीचं मंगलाष्टक

देवासच्या इंदिराबाईंनी आजवर जितकी लग्नं गाऊन लावली, त्यांतल्या वऱ्हाड्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता: कोण मंगलाष्टकांच्या वेळी जांभया देतं, कोण विहिणीच्या पाटल्या न्याहाळतं, कोणाचा जीव पंगतीत अडकलेला असतो. ऐकणारा मात्र त्यांत कोणी नव्हता. तरी बदनावरपासून सतवासपर्यंत मराठी घरात लग्न निघालं की मंगलाष्टकं इंदिराबाईंचीच. त्या नावाला त्या फार जपत.

म्हणून भाची ऋजुता त्यांच्या कानाला हेडफोन लावायला आली, तेव्हा त्यांनी आधी तिचं तोंड निरखलं.

"काय पाहिजे?"

"आत्या, त्या जपानी बँडचं नवं गाणं आलंय. सुन तो सही! माझ्या लग्नात याच चालीवर एक मंगलाष्टक पाहिजे. अजेयला सरप्राइज."

त्या बँडमधले चौघे इंदिराबाईंना अगदीच परके नव्हते. ऋजुताच्या फोनमुळे त्यांची दोन-तीन गाणी पोळ्या लाटताना कानावरून गेली होती. ढोलवाला त्यांना आवडायचा, गाणारा जरा रडका वाटायचा. या खेपेला रडकाही बरा गात होता. गिटारी खालून चढत होत्या, ढोलवाल्याच्या तर अंगात आलेलं, आणि ऐन भरात सगळं गप्प!

"बिघडलं गं तुझं यंत्र."

"थांब ना!"

मग चौघे एकदम कोसळले.

"मध्येच का थांबतात?"

"त्याच्यावरूनच तर फॅन लोक भांडतायत. कोणी म्हणतं श्वास घेतात, कोणी म्हणतं नुसता दिखावा."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मला काय पता! पण छान वाटतं ना?"

भक्ताला शंका नसतात, त्या जाताजाता हात जोडणाऱ्याला असतात. इंदिराबाई गहू निवडताना ऐकत राहिल्या, वाती वळताना ऐकत राहिल्या. शब्द बसले, 'कुर्यात् सदा मंगलम्'सुद्धा बसलं. ते थांबणं तेवढं उमगेना. गाळून पाहिलं, तर चाल उतारावरच्या रिकाम्या टेम्पोसारखी सुटली. शेवटी त्यांनी ऋजुताच्या वडिलांना, म्हणजे धाकट्या भावाला, तात्याला, समोर बसवून गाऊन दाखवलं. त्या थांबल्या तशी तात्यानं आरोळी ठोकली, "वाजवा रे वाजवा!"

"संपलं नाही रे अजून!"

"मग गप्प का झालीस? ताई, धारचे व्याही म्हणतील, बाई विसरली. वय झालं."

हेच तर भय होतं. ऋजुतानं हट्ट केला असता तर इंदिराबाईंनी साफ झिडकारलं असतं. पण पोरगी, "जाऊ दे आत्या, तुझ्या नावाला बट्टा नको," म्हणून मुकाट निघून गेली, आणि मग पंचाईतच झाली.

लग्न धारच्या मॅरेज गार्डनमध्ये लागलं. इंदिराबाईंनी बँडवाल्याला आधीच दम भरला, "अरे भिया, गुरुजी सांगतील तेव्हाच वाजवायचं. मी गप्प झाले म्हणून नाही."

अंतरपाट धरला गेला. पहिली मंगलाष्टकं नेहमीसारखी गप्पांच्या बाजारात वाहून गेली. मग जपानी चाल सुरू झाली आणि नवरदेव अजेयनं चमकून मान वर केली. चाल चढत चढत त्या जागेशी आली. इंदिराबाई थांबल्या.

आधी मागच्या रांगेतली साड्यांची चर्चा तुटली. जेवणाकडे निघालेले कुणी भैयासाहेब एक पाय पुढे टाकून तसेच उभे राहिले. अख्खा मांडव इंदिराबाईंच्या तोंडाकडे बघत होता. इतकी वर्षं गाऊन जे कान मिळाले नाहीत, ते गप्प बसल्यावर मिळाले! बेरकी आहेत हो हे चौघे, त्यांच्या मनात आलं. आणि हातात आलेलं सोडवेना. गाण्यात होतं त्याहून कितीतरी जास्त त्या थांबल्या. तात्याचा चेहरा उतरला. गुरुजी घड्याळ बघू लागले.

"विसरल्या वाटतं," व्याही कुजबुजले.

यायचं ते बोलणं आलंच. आणि नवल म्हणजे इंदिराबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

"आत्या, बस ना अब!" अंतरपाटाआडून ऋजुता फिसकारली. "मुहूर्त निघून जाईल!"

इंदिराबाईंनी छातीभर श्वास घेतला आणि शेवटची ओळ अशी वरून उचलली की मागच्या तंबूतले आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर आले.