बटाटा, दिवस अकरावा

सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी तिने बाकाचा खण उघडला आणि नाक दाबलं. महिनाभरापूर्वी विसरलेला डबा! आत उकडलेला अर्धा बटाटा होता. म्हणजे एके काळी तो बटाटा होता, आता त्याला केस आले होते. राखाडी, हिरवट, लवलवणारे केस, आणि बुडाशी पिवळा चिकट पाझर. शी! तिने झाकण दाबलं.

मग पुन्हा उघडलं.

वर्गात तिला पिपाणी म्हणत, कारण तोंडाला खंड म्हणून नव्हता. पण तो डबा तिने घरी नेला, मोरीच्या खिडकीत ठेवला आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. रोज शाळेतून आली की नाकाला रुमाल बांधायची आणि रंगीत पेन्सिलींनी त्याचं चित्र काढायची. एकच कागद, रोज त्यावर नवी भर. दोनदा ओकारी आली, दोनदा तोंड धुऊन परत बसली.

"आई, हिच्या अंगाला मेलेल्या उंदराचा वास येतो," दादा म्हणाला.

"तूच जवळ आलास म्हणून येतोय," पिपाणी म्हणाली.

अकराव्या दिवशी आईला डबा सापडला. "आजच्या आज हा घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर तू तरी!" पिपाणीने तो तीन पिशव्यांत गुंडाळला, दप्तरात कोंबला आणि शाळेचा रस्ता धरला. म्हटलं, वाटेत टाकू. टाकवेना.

त्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात चित्रं लागायची होती. सगळ्यांत चांगलं चित्र शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. वर्गातला कलावंत, कानामागे कायम ब्रश खोचून फिरणारा, दरवर्षी फुलदाणी काढायचा आणि दरवर्षी जिंकायचा. 'आपण कुठले चित्रकार?' पिपाणीला वाटलं. 'बटाटा सडला तो आपला आपण. मी नुसती बघत बसले. कोणी विचारलं, यात तुझं काय, तर काय सांगू?' घंटा व्हायच्या आधी तिने कागद टाचला. खाली नाव घातलंच नाही.

मधल्या सुट्टीत तिथे ही गर्दी!

"काय धुकं आहे!" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "डोंगरउतारावरचं गवत, पहाटेचं दव... किती कोवळं! कोणाचं आहे हे?" आणि सवयीनेच त्यांनी कलावंताकडे पाहिलं. "तुझंच ना रे?"

कलावंताने मान खाली घातली, कानामागचा ब्रश चाचपला आणि हळूच हसला. "घाईत काढलं, बाई."

पिपाणीच्या घशाशी आंबट आलं. डब्यातल्या पाझरापेक्षा ते हसू चिकट होतं. दव म्हणे! कोवळं म्हणे! आणि सगळ्यांत जास्त किळस आली ती स्वतःची, थुंकी गिळत गप्प उभ्या असलेल्या या पिपाणीची. बाईंनी खिशातून पेन काढलं. आता त्या खाली त्याचं नाव लिहिणार.

"बाई, तो डोंगर नाहीये. बटाटा आहे. सडका. माझा."

व्हरांडा खदखदून हसला. "पिपाणी वाजली रे!" कोणीतरी ओरडलं.

"पुरावा?" कलावंत म्हणाला.

"हे काळं टोक नवव्या दिवशी उगवलं. तुमचं ते दव म्हणजे पू आहे, सहाव्या दिवसापासून गळतोय. आणि पुरावा..." तिने दप्तर उघडलं. एक पिशवी, दुसरी, तिसरी. झाकण काढलं.

काय तो भपकारा! गर्दी मागे फाकली. कलावंताने एकदाच आत डोकावलं, तोंडावर हात दाबला आणि नळाकडे धूम ठोकली. ब्रश मागेच पडला.

बाईंचे डोळे पाणावले, पण त्या हटल्या नाहीत. नाक चिमटीत धरून त्यांनी डब्यात पाहिलं, चित्रात पाहिलं, परत डब्यात. काळं टोक, पिवळा थेंब, एकेक केस जुळवला.

"हे तू अकरा दिवस बघत बसलीस?"

"हो."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

"मला एक मिनिट होत नाहीये गं." बाईंनी पेन तिच्यापुढे धरलं. "आधी झाकण लाव. मग नाव घाल. चित्राचं आणि तुझं."

बोटांना घाण वास येत होता. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: बटाटा, दिवस अकरावा. त्याखाली स्वतःचं नाव, आडनावासकट.

मागून दोन छोट्या मुली आल्या. एकीने खालची ओळ मोठ्याने वाचली, चित्राला नाक लावून पाहिलं आणि किंचाळली, "शी! ई! बघ ना, केस आहेत त्याला!"

"नीट बघ," पिपाणी म्हणाली, "डाव्या बाजूला अजून घाण आहे."