चार फुटांखालची ओल

"चारशे तीस," सत्तारने आकडा वाचला आणि पेटीच्या काचेवर पुन्हा वाकला. आकडा चारशे तीसच होता.

बांधावर रुमाल अंथरून बसलेल्या नाडगौडासाहेबांनी तो वहीत उतरवला आणि पुढचा फूट घ्यायला सांगितलं. सत्तारने जमिनीत रोवलेल्या नळीतून केबल एक खूण खाली सोडली, बटण दाबलं आणि मिनिट भरायची वाट पाहत राहिला. सकाळचे दहाच वाजले होते, पण मे महिन्याचं ऊन पाठीवर चढलं होतं. सत्तारला मात्र तो आकडा खटकत होता. गेल्या महिन्यात याच नळीत, याच पहिल्या फुटाला एकशे दहा आले होते. मे संपताना जमीन वरून भाजून निघालेली असते आणि ओल टिकलीच तर ती खाली टिकते, हे त्याला सहा वर्षांत पाठ झालं होतं.

सत्तार जव्हारच्या कल्हईवाल्यांच्या घरातला. स्टो, कंदील, डिझेलचे पंप, जे हाती येईल ते दुरुस्त करायचा. १९७३ साली पाण्याचा अभ्यास करणारे हे साहेब जव्हारला आले आणि त्यांच्या पेटीची कडी तुटली. सत्तारने ती अशी झाळली की साहेबांनी त्यालाच उचललं. तेव्हापासून ती मणभराची पेटी खांद्यावर घेऊन तो डोंगर चढत होता. पेटीवरची धोक्याची पिवळी खूण पाहून त्याच्या बायकोने, खैरुनने, पेटी एक रात्रही घरात ठेवू दिली नव्हती. खिशाला लावलेल्या बिल्ल्यावरही तिचा विश्वास नव्हता. अंगाला किती किरणं लागली ते त्या बिल्ल्यातली फिल्म सांगते, हे तिला समजावता समजावता सत्तार थकला होता.

पेटीची करामत साहेबांनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. न्यूट्रॉन नावाचा कण सापडून अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत. केबलच्या टोकाशी जो तुकडा आहे त्यातून हे कण सुसाट बाहेर पडतात. दगडामातीतले अणू जड, त्यांच्यावर आपटले की जवळजवळ त्याच वेगाने उडतात. पण पाण्यात हायड्रोजन असतो, त्याचं वजन न्यूट्रॉनएवढंच. गोटीने सारख्याच गोटीला टोला दिला की मारणारी गोटी जागीच थंडावते, तसा हा कण पाण्यापाशी थंडावतो. असे थंडावून माघारी आलेले कण पेटी मोजते. जास्त परत आले तर ओल जास्त. परदेशात याच युक्तीने तेलविहिरी तपासतात, असंही साहेब म्हणाले होते. सत्तारला तेलाशी काही घेणं नव्हतं. न खणता जमिनीच्या पोटातलं कळतं, एवढ्यावरच तो खूश होता, आणि जरा फुशारलेलाही होता.

घोटाळा त्या फुशारकीनेच केला. फेब्रुवारीत तो पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला, नवशीच्या याच वावरात नळीची मोजणी करायला आला होता. नवशी नागली पिकवणारी बाई, घरवाला ढवळू वीटभट्टीवर गेलेला, घरात दोन पोरी. तिने कोरा चहा दिला आणि तुझी पेटी बोलते काय, असं विचारलं. मग सत्तारला कोण आवरणार? त्याने सगळं सांगून टाकलं. आकडा मोठा म्हणजे पाणी. यंदा सरकार एकच विहीर खणणार, एक तर इथे नाही तर जामसरच्या पाड्यावर, आणि मे अखेर चार फुटांवर जिथे आकडा मोठा येईल तिथे ती होणार. शेवटची मोजणी अठ्ठावीस तारखेला, हेही तिने विचारलं आणि त्याने सांगितलं.

"दोन फूट, चारशे साठ," सत्तार म्हणाला. "तीन फूट, चारशे पन्नास."

चौथ्या फुटाला चारशे वीस आले. जामसरला काल तीनशे दहा आले होते. साहेबांनी पेन थांबवलं आणि उठून उभे राहिले. पाचव्या फुटाला मात्र दोनशे पाच, गेल्या महिन्याला होते तेवढेच. सत्तार समजून चुकला. खालून वर आलेली ओल अशी नसते. हे पाणी वरून गेलेलं होतं.

त्याने नळीच्या बुडाशी बोटं घातली. वर कोरडी माती आणि राबाची, शेतात जाळलेल्या पालापाचोळ्याची, राख पसरलेली होती, आणि खाली बोटभर आत तांबडी माती चिकट ओली होती. त्याने हात झटकन मागे घेऊन पायजम्याला पुसला. वावराच्या कडेला नवशी उभी होती. तिचे ओठ फुटलेले होते. तिच्या मागे अंगणात हंडे पालथे घातलेले होते, आणि सकाळी दहा वाजता कुठल्याही बाईचे सगळे हंडे पालथे नसतात.

साहेब मात्र खुलले होते. ही जागा त्यांनीच निवडली होती आणि वरिष्ठांनी त्यावरून त्यांची दोन वर्षं थट्टा केली होती. मोखाड्याला गेल्या आठवड्यात वळीव झाला, तोच इथे मुरला असणार आणि जमिनीने धरून ठेवला असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. इथे पाऊस पडला का, असं त्यांनी नवशीला विचारलं.

"पडला," नवशी म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. अहवाल आज संध्याकाळीच ठाण्याला जायचा होता. ड्रायव्हरने जीप वळवून ठेवली होती. आता सत्तारने केबल गुंडाळायची, पेटी उचलायची, एवढंच उरलं होतं. गप्प बसलं की नवशीच्या पाड्याला विहीर होती.

सत्तार गप्प बसलाही. केबलची तीन वेटोळी होईपर्यंत बसला. पण ही नळी रोवताना भोक पाडलं होतं ते त्यानेच, आणि सहाव्या फुटाला पहार खणकन वाजली होती ती अजून त्याच्या कानात होती. खाली सलग काळा दगड. विहीर इथे खणली तर ती कोरडी जाणार, आणि जामसरच्या बायकांच्या पायाखाली खरोखरचं पाणी असून त्या ओहोळातली वाळू उकरत राहणार. नवशी त्याच्याकडेच पाहत होती. तिला कळलं होतं की त्याला कळलंय.

"साहेब, हे आकडे घेऊ नका," तो म्हणाला. "हे ओतलेलं पाणी आहे."

"ओतलेलं? कुणी ओतलं?" साहेबांची मान नवशीकडे वळली.

मागे एका गावात कुणीतरी नळ्या उपटल्या तेव्हा साहेबांनी ते गाव यादीतून कायमचं काढलं होतं. ते वहीवर तांबडी रेघ मारत होते तेव्हा सत्तार शेजारीच उभा होता.

"मी ओतलं," सत्तार म्हणाला. "परवा येऊन. नळी सैल झाली होती, माती बसावी म्हणून."

साहेब काही दुधखुळे नव्हते. त्यांनी पालथे हंडे पाहिले, नवशीचे ओठ पाहिले, मग सत्तारकडे पाहिलं.

"सहा वर्षांत तुझी नळी कधी सैल झालेली मला आठवत नाही."

"या खेपेला झाली, साहेब."

"मला हे असंच लिहावं लागेल, सत्तार. दुसरं काही सांगायचंय?"

"नाही."

साहेबांनी पाचही आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी एप्रिलचे आकडे लिहिले; विहीर जामसरला गेली. मग वहीत पाहतच त्यांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बिल्ला सरकारी होता, तो सत्तारने काढून दिला. पेटी जीपमध्ये त्यानेच नीट बसवली, पट्टा आवळला. साहेबांनी जव्हारपर्यंत सोडतो म्हटलं, तो एसटीने येईन म्हणाला. जीप उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हा त्याला खरोखर रडू येईलसं वाटलं. खैरुनला काय सांगायचं, हे त्याने अजून मनात आणलंच नव्हतं.

नवशी आता आभार मानेल, असं त्याला कुठेतरी वाटत होतं. ती तरातरा चालत आली ती चिडून.

"तू गप का नाय ऱ्हायलास?"

त्याने काळ्या दगडाचं सांगितलं. खाली पाणी नाही, विहीर कोरडी गेली असती, म्हणाला.

"कोरडी तं कोरडी," नवशी म्हणाली. "हीर तं झाली असती. मंग कोरडी का पडली, ता बघाया सायेब पुना आला असता. दुसरा कोन आला असता. आता कोन येल आमचेकडं?"

जमिनीच्या पोटातलं कळण्याची सत्तारला घमेंड होती, पण हे काही त्याला कळलं नव्हतं. किती हंडे ओतले, एवढंच त्याने विचारलं.

"अकरा. तीन दिस ओतत व्हतू. पोरी रडाया लागल्या. मी सांगला, आदी भुईला पाजू, मंग भुई आपल्याला पाजेल."

अकरा हंडे म्हणजे दरीतल्या झिऱ्याच्या अकरा खेपा. तिथे पाणी वाटीने भरावं लागतं आणि एक हंडा भरायला दोन-दोन तास जातात, हे सत्तारने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्याचं मन भरून आलं. तो म्हणाला, चूक माझीच, मी तुला आकडा सांगायलाच नको होता.

"सांगलास ता बरा केलास," नवशीचा आवाज खाली आला. "नाय तं आमाला कोन काय सांगतं."

ती घरात गेली. आत माठाच्या तळाला पेला घासल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात स्टीलचा पेला होता, अर्ध्याच्या वर भरलेला, पाणी जरा गढूळ. सत्तार दोन पावलं मागे सरला. नको, एसटी गाठायची आहे, म्हणाला.

"घे," ती म्हणाली. "घरी आलेल्याला पानी देतू आमी."

दोन्ही पोरी दारात उभ्या राहून बघत होत्या. सत्तारने पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्यायला. नवशीने तो परत घेतला, रिकामा आहे ना ते वाकडा करून पाहिलं, आणि अंगणातला एक हंडा उचलून डोक्यावर घेत ती झिऱ्याच्या वाटेला लागली.