लंकेला जाणाऱ्यांची नावं

कितीदा सांगितलं तरी पान उलटताना बोट जिभेला लावायची कृष्णातची खोड जात नव्हती. शालूबाईंना त्याची शिसारी यायची. पोटचा पोरगा, बेचाळिशीचा बाप्या, दूध संस्थेचा सेक्रेटरी, शहरात राजारामपुरीत स्वतःचं घर, आज आईकडं वाडीवर आलेला. आणि जेवायच्या टेबलावर नकाशा पसरून, त्यावर सुपारीची खांडं सांडत, ओल्या बोटानं सहलीचं पुस्तक चाळत बसलेला. जिथं दुपारी ताटं मांडायची तिथं सगळी लंका पसरलेली.

“स्वस्त देश हाय, आई,” सकाळपासून चौथ्यांदा तो म्हणाला. “समुद्रापतोर रेल्वे, तितनं बोट, चार तासात पल्याड. डोंगर हाय, समुद्र हाय, हत्ती हायत. तमिळ, सिंहली, मुसलमान, ख्रिश्चन, समदी जात एका बेटावर. आणि ऱ्हायला-खायला काय लागत न्हाय बघ. स्वस्त!”

“देश हाय का वांगी?” शालूबाई म्हणाल्या. “फुडं वाच.”

कोडोलीपलीकडच्या ह्या वाडीत बायकांची दूध संस्था शालूबाईंनीच उभी केली होती. शाळा दुसरीपर्यंत, तीही निम्मी. पण दारोदार फिरून बायका गोळा केल्या आणि चेअरमन म्हणून सही करायला शिकल्या. कागद फाटेल इतकं पेन दाबून त्या सही करत, पण करत. यंदा संस्थेनं अभ्यास दौरा ठरवला होता. लंकेतल्या बायका म्हशी कशा पाळतात ते बघून यायचं. चौघांनी जायचं.

कृष्णातनं वाचलं. “पयल्यांदा अनुराधापूर. मग कँडी, बुद्धाच्या दाताचं देऊळ. मग चहाचं मळं. मग हत्तींची अंघोळ. मग कोलंबोत दोन दिवस बाजार.”

“आणि म्हशी?”

“म्हशी काय, सगळीकडं असत्यात. दिसतील की जाता-येता.”

“म्हंजे संस्थेनं तुला हत्तीची पाठ घासायला धाडायचं,” शालूबाई म्हणाल्या. “बरं. नावं वाच.”

त्यानं नावांचा कागद काढला. बोट पुन्हा जिभेवर गेलं. “तू, धोंडुबाई, मी… आणि पिराजी.”

धोंडुबाई संस्थेतलीच, पण पिराजी म्हणजे कृष्णातचा पत्ते कुटणारा दोस्त. त्याच्या घरी म्हैस सोडा, मांजरसुद्धा टिकत नव्हतं.

“मीना कुठं गेली?”

“पिराजीला इंग्रजी येतंय, आई.”

“मी इंग्रजीचं इचारलं न्हाय. मीना कुठं गेली?”

वर्षभरात जिचं दूध एकदाही परत आलं नाही ती बाई लंकेला जाणार, असं शालूबाईंनी वार्षिक सभेत माईक धरून सांगितलं होतं. ती बाई मीनाबाई निघाली. बौद्धवाड्यातली, दोन म्हशींवर तीन पोरं वाढवलेली. “मीना, तू समुद्र बघणार,” असं दोनशे बायकांसमोर त्या बोलल्या होत्या. उभ्या जन्मात त्यांचा शब्द कुणी खाली पाडला नव्हता.

“एका खोलीत दोघी-दोघी झोपायचं हाय,” कृष्णात आवाज उतरवून म्हणाला. “धोंडुबाई म्हणती, मी तिच्याशेजारी न्हाय झोपणार. वाद कशाला?”

तेवढ्यात दार वाजलं, आणि दारात मीनाबाईच होती. पासपोर्टला फोटो लागतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून वडगावला जाऊन काढून घेतलेले, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात बांधलेली.

“आक्का, बरा आलाय का बगा. डोळं मिटू नगं म्हनला फोटूवाला, तर डोळं ह्ये एवडं झाल्यात!”

“म्हशीनं लाथ मारल्यागत दिसतीस,” शालूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

हसता हसता मीनाबाईची नजर टेबलावरच्या पुस्तकाकडं गेली. पानावर सोन्याच्या कठड्यातलं एक जुनं झाड होतं. तिनं पदरानं हात पुसले आणि चित्राला हात जोडले.

“ह्ये तितं हाय?”

“अनुराधापुरात,” कृष्णात पुस्तक मिटत म्हणाला.

“आमच्या विहारात सांगत्यात, बुद्धाच्या झाडाची फांदी हाय ती. एका बाईनं न्हेली, आक्का. बोटीत बसून, कवातरी हजारो वर्सामागं. बाई मानसानं!” तिनं मिटलेल्या पुस्तकाकडं बघितलं. “मला वाटलं नुसत्या म्हशीच बगायच्या हायत.”

कृष्णातनं फोटो घेतले, बघितलेही नाहीत. “ठेवतो. बघू.”

शालूबाईंनी चहा दिला. हात सवयीनं खिडकीकडं गेला. कान तुटलेला पांढरा कप तिथं वेगळा पालथा असायचा. मीनाबाईनं चहा घेतला, मोरीत कप विसळला, खिडकीत होता तसा पालथा ठेवला आणि म्हशींकडं गेली.

“तिचं नाव लिव्ह,” शालूबाई म्हणाल्या. “आत्ता.”

कृष्णातनं पुस्तक आपटलं. “माझ्यावर काय डोळं वटारतीस? तू तरी तिला कुठल्या कपात चहा दिलास?”

शालूबाईंनी खिडकीकडं बघितलं. खिडकीतल्या कपातून अजून पाणी ठिबकत होतं. सकाळपासून ज्या शिसारीनं त्या लेकाच्या बोटाकडं बघत होत्या, ती आता त्यांना स्वतःचीच वाटली. माणूस वेगळं काढायला ह्याला कुणी शिकवलं? ह्याच घरात ना?

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, नावांचा कागद ओढला. चार नावांतलं ‘कृष्णात’ त्यांना ओळखता येत होतं. बारशादिवशी मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. त्यावर त्यांनी रेघ मारली. मग शेवटच्या, पिराजीच्या नावावर मारली. दुसऱ्या रेघेला कागद फाटला. मग खाली, एकेक अक्षर आठवत, त्यांनी ‘मीना’ लिहिलं.

“आई, ह्ये काय करायलीस?”

“त्या कपात दिला. तीस वर्सं त्याच कपात दिला, चुकले मी, आणि कपाचं काय करायचं ते माझं मी बघीन. पण माझी घाण माझ्या खिडकीत हाय, कृष्णात. तू ती बोटीत घालून समुद्रापल्याड न्यायला निघालायस. धोंडुबाईला सांग, झोपायचं तर एकलीनं झोप, मीनाशेजारी मी हाय. आणि तू ऱ्हा हितंच, म्हशी बघत. सगळीकडं असत्यात, तूच म्हनलास न्हवं?”