एकशे चौऱ्याण्णव सेंटिमीटर

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक येतो, आणि त्याला मार्गी लावायचं काम माझ्याकडे येतं. मी प्यो मी-रान. तेवीस वर्षं इंग्रजी शिकवते, त्यामुळे परदेशी माणसाची गॅसची शेगडी, दाढदुखी, बँकेत सहीऐवजी लागणारा शिक्का आणि कचरा हे सगळं माझ्या विषयात मोडतं, असं शाळेचं मत आहे.

वेंडेल चौथा. पहिली आली ती रडायची. दुसऱ्याला भात चालत नसे. कोरियाला येण्याआधी हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरा एका शुक्रवारी सगळ्यांना वाकून नमस्कार करून घरी गेला आणि रविवारी विमानतळावरून त्याने मला आभाराचा निरोप पाठवला. घराची किल्ली कुंडीखाली आहे, असं त्यात होतं. कुंडीत काय होतं ते मी इथे सांगत नाही. एवढंच म्हणते की कचऱ्याचं वर्गीकरण त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

त्यानंतर जिल्हा शिक्षण कार्यालयाने अकरा नवे अर्ज पाठवले. मी रात्रंदिवस खपून शिकवण्याच्या अनुभवाचा तक्ता केला आणि मुख्याध्यापक गुक सरांपुढे ठेवला.

"हे राहू द्या," सर म्हणाले. "आरोग्यपत्रकं कुठायत?"

मला बरं वाटलं. मागचा पळाला ते सरांच्या मनाला लागलं असणार, आता प्रकृती तपासून घेतायत. सरांचं बोट प्रत्येक पत्रकावर एकाच रकान्यात जायचं आणि निराश होऊन परत यायचं. सातव्या पत्रकावर ते थांबलं.

"एकशे चौऱ्याण्णव!" सर म्हणाले. त्यांच्या मुलीच्या लग्नातही मी त्यांचा आवाज इतका भरून आलेला ऐकला नव्हता.

"सर, ह्याला शिकवायचा काहीच अनुभव नाही. इतिहासाचा पदवीधर आहे."

"अहो प्यो बाई, अनुभव काय, येतो. उंची येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुधवार!

दर बुधवारी पाचव्या तासानंतर आमची मुलं घरी जातात आणि शिक्षक व्हॉलीबॉल खेळतात. एका बाजूला नऊ जण. गुक सर मध्यभागी. चेंडू कुठूनही आला तरी फिरून फिरून सरांपुढे अलगद उडवायचा, सरांनी तो हाणायचा आणि पलीकडच्या कुणी तो उचलायचा नाही. आमचे गणिताचे मेंग सर तर तो चेंडू घोट्यावर बसला तरी "काय हात आहे सरांचा!" म्हणतच लंगडतात. माझा गुडघा सहा वर्षांपूर्वी एका बुधवारी दुखावला आणि तेव्हापासून दर बुधवारी दुखतो. मी बाकावर बसून कॉफी पिते. आठवड्यातला तो एकच तास असा आहे, की मला कुणी काही विचारत नाही.

मे महिन्यात, आमच्याकडच्या शिक्षक दिनाच्या आठवड्यात, जिल्ह्यातल्या शाळांच्या शिक्षकांची स्पर्धा होते. तलावापलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक गुक सरांचे कॉलेजातले वर्गबंधू. त्यांनी आम्हाला सलग तीन वर्षं हरवलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी वेंडेल फ्रीझन आला. वय चोवीस, गाव कॅनडातल्या गव्हाच्या पट्ट्यात, पावलं इतकी मोठी की शाळेच्या सपातांमधून टाचा कायम बाहेर. पहिल्याच बुधवारी गुक सरांनी त्याला स्वतः हाताला धरून नेटपाशी उभं केलं. पहिला चेंडू त्याच्या तोंडावर बसला. दुसराही.

"कॅनडात तू काय खेळायचास?" मी घाईने विचारलं.

"बर्फावरून दगड घसरवायचो, बाई. मोठा, गोल दगड असतो. तो घसरत जातो, पुढे दोघं जण झाडू मारतात."

"त्याला उंची लागते?"

"नाही. वाकावं लागतं."

"काय म्हणतोय?" गुक सरांनी विचारलं.

"सराव हवा म्हणतोय, सर."

सराव आम्ही हिवाळाभर केला. वेंडेलला व्हॉलीबॉल येत नाही हे मेंग सरांना, स्वयंपाकघरातल्या मावशींना आणि शिपायाच्या कुत्र्याला ठाऊक होतं. पण मुख्याध्यापकांनी स्वतः निवडलेल्या माणसाबद्दल असं कोण बोलणार? प्रत्येक जण "येतंय, येतंय" म्हणायचा. शेवटी मी त्याला एकच सोपा मंत्र दिला. "नेटपाशी उभा राहा, हात वर कर आणि काही झालं तरी चेंडू खाली पडू द्यायचा नाही." भाबडेपणाने तो हे वाक्य वहीत लिहून घेऊन गेला.

वर्गात त्याची वेगळीच तऱ्हा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कसे आहात?" वर्ग एका सुरात म्हणाला, "मी मजेत आहे, आभारी आहे, आणि आपण?" आणि खाली बसला.

तासानंतर तो माझ्याकडे आला. "बाई, बाहेर धो धो पाऊस आहे, उद्या परीक्षा आहे, त्या मागच्या पोराचा हात प्लास्टरमध्ये आहे. सगळे मजेत कसे?"

"पुस्तकात तसं आहे."

"पण त्यांना काय होतंय ते त्यांना सांगायचं असलं तर?"

"परीक्षेत विचारत नाहीत."

मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा त्याने आठवीच्या तिसऱ्या तुकडीला तक्रार करायला शिकवायचं ठरवलं. हे अभ्यासक्रमात बसत नाही, असं मी त्याला लेखी कळवलं. त्याने माझं पत्र फळ्यावर चिकटवलं आणि मुलांना सांगितलं, "ही उत्तम तक्रार आहे. बाईंनी तीन मुद्दे मांडलेत बघा."

त्या वर्गात ओक दा-हे नावाची मुलगी आहे. लसूणवाल्या ओकांची धाकटी. ती कोरियनमध्येसुद्धा कुणाशी बोलत नसे. हजेरीला नुसता हात वर करायची. एप्रिलमध्ये एके दिवशी ती उठली आणि गुरुवारच्या माशाबद्दल चार मिनिटं इंग्रजीत बोलली. काटे किती, वास कसला, आणि सरांच्या ताटात मासा वेगळा का असतो. व्याकरण पार मोडलेलं, पण एकदाही थांबली नाही. गुक सर नेमके खिडकीशी उभे होते.

"वा, वा! काय अस्खलित!" सर माझ्या कानाशी म्हणाले. "विषय काय आहे?"

"आपल्या शाळेचं जेवण, सर."

"छान. अशी कृतज्ञता हवी."

तेवीस वर्षांत एकाही मुलाला मला इंग्रजीतून काही सांगावंसं वाटलं नव्हतं, एवढाच विचार मनात आला आणि तो फारसा सुखाचा नव्हता.

मेच्या अखेरीस वेंडेलच्या करारवाढीचा कागद जायचा होता. ऐंशी गुण माझ्या हातात, सहकार्याचे वीस गुण आणि सही मुख्याध्यापकांची. सही नाही, तर ऑगस्टमध्ये विमान. वेंडेलला राहायचं होतं.

"तिसऱ्या तुकडीला अजून पुढचं शिकवायचंय," तो म्हणाला.

"तक्रारीच्या पुढे काय असतं?"

"वाद."

वादाचं मला कौतुक नव्हतं. पण हा आता कचरा बरोबर वेगळा करत होता, दाढेच्या डॉक्टरकडे एकटा जात होता. मला पाचवा नको होता. कागद घेऊन मी सरांकडे गेले.

"सही स्पर्धेनंतर," सर म्हणाले.

स्पर्धेचं उद्घाटन शिक्षणाधिकारी योम साहेब करतात. पूर्वी ते खेळाचे शिक्षक होते. छातीला फूल लावून ते पहिली सर्व्हिस करतात, चेंडू नेटवरून तरंगत येतो, सगळे त्याच्याकडे आदराने बघत उभे राहतात, तो खाली पडतो, टाळ्या, फोटो, साहेब चहाला. तो चेंडू पडू द्यायचा असतो हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही; श्वास घ्यायला शिकवत नाहीत तसंच. मी वेंडेलला दोन्ही हातांनी वस्तू घ्यायला शिकवलं होतं, मोठ्यांकडे पाठ करून प्यायला शिकवलं होतं. एवढं राहिलं.

साहेबांचा चेंडू आला. वेंडेल नेटपाशी होता. त्याने हात वर केले आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा चेंडू त्याच्या तळव्यांवर असा काही बसला की आल्या वाटेने परत गेला आणि साहेबांच्या छातीवरच्या फुलावर आदळला. सर्व्हिस अशी अडवणं नियमात बसतं की नाही ह्याचा त्या क्षणी कुणी विचार केला नाही. सभागृहात पाकळ्या पडल्याचासुद्धा आवाज ऐकू आला असता.

"बाई!" वेंडेल माझ्याकडे वळून आनंदाने ओरडला. "पडू दिला नाही!"

पुढे त्याने एकाही चेंडूला हात लावला नाही. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सहकार्य, शून्य."

"सर, तो तर सहकार्यच करत होता. मीच त्याला सांगितलं होतं की..."

"प्यो बाई, त्याने साहेबांचं फूल पाडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. सर उभं राहून बोलले. फोन ठेवल्यावर बराच वेळ उभेच होते. साहेबांना तो उंच पोरगा भयंकर आवडला होता. शरद ऋतूत प्रांताची स्पर्धा होती, कार्यालयाच्या संघाला नेटपाशी माणूस नव्हता. परदेशी शिक्षकाचा करार कार्यालयाशीच असतो, तेव्हा सप्टेंबरपासून त्याला तालुक्याच्या इंग्रजी केंद्रात घ्यायचं ठरलं होतं. गुक सरांनी कागद ओढला, सहकार्याला वीसपैकी वीस दिले आणि सही केली.

"काल शून्य म्हणालात, सर."

"ज्याचं सहकार्य साहेबांना पटलं, त्याला शून्य देणारा मी कोण? तुम्ही नवे अर्ज मागवा. आरोग्यपत्रकांसकट."

वेंडेलला सांगितलं तेव्हा तो शिक्षकांच्या खोलीत टाचा सपातांबाहेर टाकून बसला होता.

"आणि तिसरी तुकडी?"

"येईल कुणीतरी."

"दा-हेला मी सांगितलंय की मी आहे म्हणून." त्याने टाचा सपातांत कोंबायचा प्रयत्न केला. "बाई, मला खेळता येत नाही हे साहेबांना कुणी सांगितलं नाही?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या शिक्षणव्यवस्थेत नाही. साहेबांची निवड चुकली, असं त्यांना कळवायचा नमुना अजून छापलेला नाही. पण साहेबांना आमंत्रण द्यायचा नमुना आहे. मी तो भरला. येत्या बुधवारी आमच्या सरावाला येऊन मार्गदर्शन करावं, शाळेचा मोठा सन्मान होईल.

साहेब ट्रॅकसूट घालून आले. वेंडेल मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी काय करू? मुद्दाम चुकू का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "ते खेळाचे शिक्षक होते, मुद्दाम केलेलं त्यांना लगेच कळेल. तू जीव तोडून खेळ."

तो जीव तोडून खेळला. दोनदा नेटमध्ये अडकला. दुसऱ्यांदा त्याला सोडवायला तिघे लागले. त्याची सर्व्हिस मेंग सरांच्या डोक्यामागे बसली आणि मेंग सर सवयीने "काय हात आहे!" म्हणाले. एकदा तर चेंडू त्याच्याकडे इतका संथ येत होता की सगळे थांबून बघत राहिले, आणि वेंडेल त्याच्या खालून धावत निघून गेला.

दहाव्या मिनिटाला साहेब माझ्या बाकावर येऊन बसले. माझी कॉफी त्यांनी आपली समजून उचलली.

"बाई, त्या दिवशी जे झालं..."

"हो, साहेब."

"त्याआधी कधी?"

"नाही, साहेब."

"नंतर?"

"प्रयत्न चालू आहेत, साहेब."

साहेबांनी कॉफी संपवली. "परदेशी शिक्षक असा मध्येच शाळेतून हलवणं बरं नाही," ते म्हणाले. "मुलांच्या शिक्षणाचं नुकसान होतं." ह्या सगळ्या प्रकरणात शिक्षण हा शब्द पहिल्यांदाच कुणी उच्चारला होता.

अशा रीतीने वेंडेल राहिला. सही झालेली, वीसपैकी वीस दिलेले. ते परत घ्यायचे तर साहेबांचा मान परत घ्यावा लागला असता. गुक सरांनी एवढंच केलं, की त्याला नेटपासून कायमचं दूर ठेवलं. बुधवारी पाचव्या तासानंतर सगळे खेळत असताना त्याने ग्रंथालयात आठवीच्या तिसऱ्या तुकडीचा संभाषणाचा जादा तास घ्यावा, असा आदेश काढला. परदेशी शिक्षकाच्या तासाला कोरियन शिक्षकाने हजर असलंच पाहिजे, असा नियम आहे. शाळेत इंग्रजीची अशी शिक्षिका एकच.

पहिल्या बुधवारी मी मागच्या बाकावर बसले. कॉफी ग्रंथालयात आणायला बंदी आहे. खाली व्यायामशाळेतून चेंडूचे आणि मेंग सरांचे आवाज येत होते. वेंडेलने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वाद'.

दा-हे उठली. बुधवारी सगळी शाळा पाचव्या तासाला घरी जाते, ती म्हणाली. आम्हीच का थांबायचं? हे कुणी ठरवलं? आम्हाला विचारलं का? आणि जे ठरवतात ते खाली खेळतायत, हे बरोबर आहे का? हे बोलताना ती वेंडेलकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. अख्खी तुकडी माझ्याकडे वळली, आणि वेंडेल खडू खाली ठेवून शांतपणे खुर्चीत बसला.

उत्तर मला द्यायचं होतं, तेही इंग्रजीत. तोंडात पहिलं वाक्य आलं ते पुस्तकातलं. मी मजेत आहे, आभारी आहे, आणि आपण?

ते मी गिळलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"खाली बसू नकोस, दा-हे," मी इंग्रजीत म्हटलं. "माझीही बुधवारबद्दल एक तक्रार आहे."