कोऱ्या तोंडाची पट्टी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले होते, आणि तिकडे व्यासपीठावर माझ्याच घरी राहणारी माझी सख्खी भाची, सतरा वर्षांची भिंगरी, सुईत दोरा ओवायला धडपडत होती. एरवी ही पोरगी माझ्याशी भांडता भांडता, सुईकडे न बघता दोरा ओवते. आज पहिल्यांदा दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून, आणि तिसऱ्यांदा सुई थेट बोटात घुसली.

"बघितलंत?" स्थिरबाबा माइकमध्ये कुजबुजले. "कोरं तोंड, अस्थिर हात!"

बाबा म्हटल्यावर जटा आणि राख डोळ्यांपुढे आणू नका. हे नव्या जमान्याचे बाबा. पांढरे बूट, कोरलेली दाढी, कॉलरला चिकटवलेला माइक आणि खिशात गोळ्यांच्या डबीसारखी दिसणारी एक चपटी रंगीत डबी. त्यांनी डबीतून एक पांढरीशुभ्र, नखाएवढी पुडी काढली आणि भिंगरीच्या हातावर ठेवली. तिनं ती सराईतपणे वरच्या ओठाखाली सरकवली.

"हात म्हणजे काय? मनाचा आरसा! मन म्हणजे काय? ऊर्जेचा झरा! आणि झऱ्याला काय लागतं?"

"बिंदू!" पोरं ओरडली.

झऱ्याला बिंदू कशाला लागतो हे कुणीच विचारलं नाही. दहा मिनिटं डोळे मिटून दीर्घ श्वास झाले, आणि मग भिंगरीनं पुन्हा सुई उचलली. दोरा एका फटक्यात आत! सभागृह दणाणलं. आईबाप 'स्थिरबिंदू'च्या डब्यांसाठी रांगेत ढकलाढकली करू लागले. पेपरमिंट, आंबा, बबलगम, ज्याला जी चव हवी ती.

टाळी माझ्याही हातून वाजली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागले की तुम्ही तोंड वाकडं करायला मोकळे.

मी शिवणवर्ग चालवते. त्या सभागृहाच्याच खालच्या मजल्यावर दोन खोल्या, चौदा मशिनी आणि बावीस पोरं-पोरी. नाटकांचे पोशाख शिवणारी एक मोठी कार्यशाळा दरवर्षी आमच्यातून एकालाच घेते, हातशिलाईसाठी. परीक्षा चार तासांची. पांढऱ्या रेशमावर सलग टाके घालायचे आणि तोंड पूर्ण रिकामं ठेवायचं. खाणं नाही, चघळणं नाही, ओठांत टाचणीसुद्धा नाही. एक थेंब पडला तर रेशीम वाया. त्या जागेवर भिंगरीचा तीन वर्षांपासून डोळा होता, आणि खरं सांगायचं तर माझा तिच्याहून जास्त.

या परीक्षेचा सुगावा बाबांना कसा लागला देव जाणे. पण 'हात स्थिर करतो' म्हणत ते बरोब्बर आमच्याच डोक्यावरच्या सभागृहात उतरले. पहिला आठवडा सगळं फुकट. दिवसभर बिंदू ओठाखाली ठेवा, एक संपला की दुसरा. आठव्या दिवशी मात्र 'कोऱ्या तोंडानं' यायचं, आदल्या रात्रीपासून एकही नाही. मग तो दोऱ्याचा प्रयोग, मग तो चमत्कार, आणि मग विक्री. हे दर आठवड्याला.

"मावशी, यात धूर नाही, थुंकणं नाही, वास नाही. मग वाईट काय आहे?" भिंगरी मला विचारायची. वाक्य बाबांचंच होतं, फक्त आवाज तिचा. तेव्हा मला एका मोठ्या ऑर्डरची घाई होती. मी म्हटलं, बरं बाई, तुझं तू बघ.

चटका बसला तो तिसऱ्या आठवड्यात. सकाळी डबी सापडेना म्हणून या पोरीनं घरभर कपाटं उपसली, माझ्यावर खेकसली, आणि मी "आधी खाऊन घे" म्हटलं तर ताट ढकलून दिलं. मग डबी उशीखाली सापडली. पाच-दहा मिनिटांत बाईसाहेब शांत, वर गोड हसून "सॉरी हं मावशी". मी तिचा ओठ वर करून पाहिला. आत हिरडीवर पांढुरका, सुरकुतलेला चट्टा. 

वर्गात आल्यावर मी हे काजवाल्या काकांना सांगितलं. काका आमच्याकडे हातानं काजं करायला शिकवतात. त्यांनी तीस वर्षं तंबाखू चघळली. आता त्यांचा एक गाल निम्मा शस्त्रक्रियेत गेलाय आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. चहासुद्धा चमच्यानं पितात. बोलतात कमी, पण बोलले की ऐकावं लागतं.

"सकाळी उठल्यावर चिडते?" त्यांनी विचारलं.

"भयंकर."

"हाताला चाळा? एका जागी बसवत नाही? आणि ती पुडी ठेवली की एकदम गाय?"

"अगदी! काका, तुम्हाला कसं कळलं?"

"मीच होतो की तो. पहिली चिमूट पोटात... पोटात कसली, गालात जाईपर्यंत मला साधं बटण लावता यायचं नाही. आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो, तंबाखूनं हात चांगला चालतो!" काका हसले. त्यांचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर येतं. "बाई, डबी आण बघू ती."

डबीच्या पाठीवर बाबांचा हसरा फोटो चिकटवला होता. कडेला त्याचा एक कोपरा सुटलेला. मी शिलाई उसवायची बारीक पाती घेतली आणि बाबांना हलकेच सोलून काढलं. खाली छापलं होतं: निकोटिन. व्यसन लागते. लहान मुलांसाठी नाही.

म्हणजे तंबाखूचा पाला काढला आणि तंबाखूत माणसाला अडकवणारं जे असतं, तेवढं पुडीत भरलं. वर आंब्याची चव!

"पण काका, दोरा तर पोरगी खरंच ओवते. अख्ख्या गावानं बघितलंय. लोक म्हणतील, निकोटिन तर निकोटिन, हात तर स्थिर होतो ना?"

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ते काय शोभेला टांगलंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या वर्गाची एक रीत आहे. सकाळी मशिनवरचं झाकण काढायच्या आधी प्रत्येकानं आपापल्या पांढऱ्या कापडी पट्टीवर वीतभर धावदोरा घालायचा, शेजारी पेन्सिलनं तारीख टाकायची. तोंड रिकामं, कारण शिवणाऱ्यांना ओठांत टाचण्या धरायची खोड असते आणि ती मला मोडायची असते. टाका वाकडा गेला तरी उसवायचा नाही. या पट्ट्या भिंतीवर टांगलेल्या असतात, आणि मी त्या दर शनिवारी तपासते. म्हणजे तपासायची. ऑर्डरच्या गडबडीत तीन आठवडे मी त्यांना हातच लावला नव्हता. नियम माझा, आणि मोडणारीही मीच.

भिंगरीची पट्टी काढली. महिन्याच्या पहिल्या दिवसाचा धावदोरा फूटपट्टीनं आखल्यासारखा. फुकटचा आठवडा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी टाके लहानमोठे. दहाव्या दिवशी रांग खाली घसरलेली. आजची तर बघवत नव्हती. आणि हे सगळं सकाळचं, कोऱ्या तोंडाचं. मी खुर्चीत बसले आणि रडले. मग डोळे पुसले, आणि मला असा काही राग आला म्हणून सांगू!

पुढच्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेत जाऊन बसले, मांडीवर पट्ट्यांचं गाठोडं. बाबांनी कोऱ्या तोंडाची भिंगरी पुढे बोलावली, तशी मी उठले.

"बाबा, आज माझेही चार जण घ्या. यांनी तुमचा बिंदू कधी चाखलेला नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती, सगळे बघत होते. चौघांनी कोऱ्या तोंडानं सुया उचलल्या आणि चारही दोरे पहिल्या झटक्यात आत. भिंगरीचा दोन वेळा चुकला.

सभागृहात चुळबुळ झाली. बाबा मधाळ हसले. "काही आत्म्यांचे हात जन्मतःच स्थिर असतात, ताई. ही मुलगी बिचारी जन्मतः अस्थिर. तिलाच तर बिंदूची गरज!"

"जन्मतः?" मी पट्टी उलगडली आणि पुढच्या रांगेच्या हातात दिली. "ही तिची पहिल्या तारखेची. तुम्ही गावात यायच्या आधीची, कोऱ्या तोंडाची. आणि ही आजची, तीही कोऱ्या तोंडाची. फिरवा मागपर्यंत. तुमचे नऊ शिष्य माझ्याकडे शिकतात, नवांच्याही पट्ट्या आणल्यात. एकाचा जरी हात सुधारलेला दिसला, तर मी स्वतः तुमच्या डब्या विकते!"

पट्ट्या हातोहात मागे गेल्या. टाके वाचायला शाळा शिकावी लागत नाही. पट्टी पुढे जाईल तसतसा गलका वाढत गेला.

"ही सरळ रांग यंत्रानं शिवलीय!" बाबांचा आवाज जरा चढला.

"तसं असेल तर शिवणवर्ग बंद करते मी!"

मग काजवाले काका उठले. त्यांना मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून लोकच गप्प झाले. "बाबा, तुमचाही ओठ फुगलाय, आत एक आहे. काढा. आपण दोघं इथंच बसू, कोऱ्या तोंडानं. दोन तासांनी दोघंही दोरा ओवू."

"माझी सिद्धी पूर्ण आहे. मला बिंदूची गरज नाही!"

"मग काढायला काय हरकत?" कुणीतरी मागून ओरडलं, आणि सगळे हसले.

बाबांनी पुडी काढली. पहिला अर्धा तास त्यांनी प्रवचन केलं. पाऊण तासाला पांढरा बूट फरशीवर टकटक वाजू लागला. तासाभरानं माइक नीट चालत नाही म्हणून ते एका माणसावर ओरडले. माइक व्यवस्थित होता, ओरडणं सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मग हात आपोआप खिशाकडे जाऊ लागला आणि पुढच्या रांगेतली पोरं दर वेळी एका सुरात "बाबा, हात!" म्हणू लागली. दोन तास भरायच्या आत बाबा ताडकन उठले, खिशातून डबी काढली आणि मागच्या दारानं चालते झाले. काका सुईत दोरा ओवून बसले होते. बासष्टाव्या वर्षी, चष्म्याशिवाय.

मग मी व्यासपीठावर चढले. भाषण मला येत नाही, जे कळलं ते सांगितलं. "चमत्कार एवढाच आहे. आधी आठवडाभर फुकट पुड्या देऊन अंगाला सवय लावायची. मग रात्रभर ती तोडायची. सकाळी जीव कासावीस होतो, लक्ष लागत नाही, हात ठरत नाही. मग पुडी द्यायची, की पोर पुन्हा पहिल्यासारखं! पहिल्यासारखं, त्याहून चांगलं नाही. हा माणूस तुमच्या पोरांचं काढून घेतो आणि तेच थोडं थोडं त्यांना परत विकतो."

"पण हा तंबाखू तर नाही ना?" एका वडिलांनी विचारलं. हातात तीन डब्या होत्या.

"तंबाखूनं काय होतं ते काकांच्या गालावर दिसतंय. यानं पुढे वीस वर्षांनी काय काय होईल ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. पण निकोटिनची चटक लागते, काळीज धडधडतं, हिरडी सोलवटते हे आत्ताच दिसतंय. आणि कोवळ्या डोक्याला ती चटक फार लवकर लागते. म्हणून तर आंबा आणि बबलगम! काकांच्या वयाच्या माणसाला कुणी बबलगम विकतं का?"

भिंगरी कोपऱ्यात उभी होती, मान खाली.  घरी आल्यावर म्हणाली, "मावशी, परीक्षेला तीन आठवडे आहेत. मला नाही जमणार."

"मलाही ठाऊक नाही जमेल की नाही," मी म्हटलं. "पण पट्टी रोज घालू."

पहिले चार दिवस आम्ही दोघींनी एकमेकींचं डोकं खाल्लं. दातांच्या डॉक्टरांनी हिरडी तपासली आणि म्हणाल्या, "वेळेत थांबलीस, चट्टा जाईल." काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे आणि चमच्यानं चहा प्यायचे. त्यांच्याकडे बघूनच तिनं डबी कचऱ्यात टाकली असावी. दहाव्या दिवशी पट्टीवरची रांग वर आली.

परीक्षेच्या दिवशी चार तास मी कार्यशाळेबाहेरच्या बाकावर बसून स्वतःची नखं खाल्ली. दार उघडलं. भिंगरी घामेजलेली.

"चौथ्या तासाला एक टाका वाकडा गेला," ती म्हणाली. "उसवायचा मोह झाला. नाही उसवला. परीक्षा घेणाऱ्या बाईंना दाखवलं आणि सांगितलं, हा माझा आहे."

"मग?"

"सोमवारपासून बोलावलंय!" आणि ती भर रस्त्यात मला मिठी मारून रडली. मीही रडले, कशाला खोटं बोलू.

तिची ती पट्टी आता वर्गाच्या दारावर टांगली आहे, सरळ, मग वाकडी, मग पुन्हा सरळ. बाबा दुसऱ्या कुठल्यातरी गावी पोचले असतील. कदाचित तुमच्याच. पुडी नसेल, दुसरं काही असेल. तुम्हाला आधीचं वाईट आणि नंतरचं चांगलं दाखवतील आणि टाळ्या मागतील. टाळी वाजवायला घाई करू नका. ते आधीचं वाईट कुठून आलं ते विचारा, आणि त्याच्याही आधीची पट्टी मागा.